फिल्टर लावा, साहेब

यवतमाळात हल्ली ज्याला त्याला डेटाचं विश्लेषण शिकायचं आहे. एम.एस्सी. ॲग्रीच्या पोरांना प्रबंधासाठी, अधिकाऱ्यांना वरून आदेश आला म्हणून, आणि आमच्यासारख्या सदरवाल्यांना आकडे फेकून भाव खाता यावा म्हणून. सॉफ्टवेअरचं नाव ‘आर’. एकाक्षरी, फुकट. उघडलं की कोरा पडदा आणि लुकलुकणारी रेघ. ज्याची उभी नोकरी एक्सेलात गेली, तो आधी बटणं शोधतो. एक स्वल्पविराम राहिला की अख्खी आज्ञा परत. ‘सर, हे लाल काहून येऊन राहिलं?’ पहिल्या तासाला सगळ्या बाकांवरून हा एकच प्रश्न.

मग सर सरावाचे आकडे उघडतात. ते आरमध्ये आयतेच भरलेले असतात. एक यादी 1974 सालच्या अमेरिकन मासिकातल्या 32 मोटारींची: कुठली गाडी गॅलनला किती मैल पळते. दुसरी आयरिस नावाच्या फुलांची: तीन जाती, प्रत्येकी 50 फुलं, पाकळ्यांची लांबी-रुंदी. मापं वनस्पतिशास्त्रज्ञ एडगर अँडरसनची, त्यांवरचा गाजलेला निबंध संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरचा, साल 1936. त्यातली बरीच फुलं कॅनडातल्या गॅस्पे द्वीपकल्पातली. कापसाच्या जिल्ह्यात बसून आम्ही गॅस्पेच्या पाकळ्या मोजतो. एकही रकाना रिकामा नाही, एकाही फुलाला बोंडअळी नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्यांना वाटतं, आलं की आपल्याला!

जेवणानंतर कोणीतरी स्वतःची फाइल उघडतो. तालुक्याच्या रकान्यात केळापूर आहे आणि पांढरकवडाही आहे. तालुका केळापूर, कचेरी पांढरकवड्यात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. सॉफ्टवेअर मात्र दोन तालुके मोजून मोकळं होतं. ‘झरी’, ‘झरी जामणी’ आणि ‘झरीजामणी’ यांचे तीन. सोळा तालुक्यांचा जिल्हा चहा येईस्तोवर 19 तालुक्यांचा होतो, तोही मंत्रिमंडळाच्या बैठकीशिवाय.

पण हे दुरुस्त होतं. जे दुरुस्त होत नाही त्याची यादी वेगळी. पश्चिम विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांची सरकारी नोंद 2001पासून ठेवली जाते, आणि तिच्यात यवतमाळ वरच्या जागा सोडत नाही. तिथेही तीनच जाती: पात्र, अपात्र, चौकशीसाठी प्रलंबित. पात्र ठरायचं तर कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं, ते थकलेलं हवं, मागे वसुलीचा तगादा हवा. कृषी केंद्रातून उधारीवर उचललेली बियाण्याची थैली, मेहुण्याचे हातउसने, बिनपरवान्याचा सावकार, यांना रकाना नाही. सगळं जुळलं तर घरच्यांना 1 लाख: 30 हजार रोख, 70 हजार ठेवीत. 2006मध्येही 1 लाखच होते. त्यानंतर कापसाचं बियाणं, खत, फवारणी, मजुरी, सगळं चढलं; हा आकडा तेवढा जागचा हलला नाही. आता ‘पात्र’वर फिल्टर लावा, साहेब. आलेख कसा झपकन खाली बसतो बघा.

हद्द कुठे आखली त्यावर आकडा हलतो, ही करामत सॉफ्टवेअरची नव्हे. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी ती 1946मध्येच पकडली होती, शेतात. पीक कापणी प्रयोगाचा प्लॉट लहान घेतला की उत्पन्न फुगून येतं, हे त्यांनी दाखवलं. कारण साधं. हद्दीवरचं झाड कापणाऱ्याचा हात आत ओढतो, आणि प्लॉट जितका लहान, तितका त्याला क्षेत्राच्या मानाने काठ जास्त. लहान प्लॉटवाले होते भारतीय संख्याशास्त्रातले साक्षात महालनोबिस, त्यामुळे वाद चांगलाच पेटला. पुढे सुखात्मे आणि कापसावर काम केलेले विनायक पानसे यांनी 1954मध्ये कृषी संख्याशास्त्रावर पुस्तक लिहिलं. पोरं आजही ते प्रबंधाच्या संदर्भयादीत न चुकता टाकतात. उघडतात किती, हा आकडा कोणी गोळा केलेला नाही. उघडलं असतं तर कळलं असतं की आमची आत्महत्यांची यादी सुखात्म्यांच्या प्लॉटच्या बरोबर उलट चालते. पीक मोजताना काठावरचं झाड आत येतं, माणूस मोजताना काठावरचा माणूस बाहेर जातो.

आरची एक खोड मात्र मला फार आवडली. रकान्यात एक जरी नोंद नसली तरी ते सरासरी काढून देत नाही. उत्तर येतं ‘एनए’, म्हणजे माहिती नाही. ‘नसलेल्या वगळून मोज’ असं आपण स्वतःच्या हाताने टाइप करून द्यावं लागतं, तेव्हा कुठे आकडा सुटतो. जिल्ह्यातल्या एकाही अहवालाने आजवर एवढा हट्ट धरलेला मी पाहिलेला नाही. सरांनी ती आज्ञा फळ्यावर लिहून दिली, आणि दिवसभरात अख्ख्या वर्गाची न चुकता पाठ झालेली तेवढी एकच.