पान्हा गोठ्यात, पेपर कुलपात

प्रति,
मा. आंतरराष्ट्रीय संशोधन-नियतकालिकांचे समस्त प्रकाशक,
मुक्काम ॲमस्टरडॅम, लंडन, न्यूयॉर्क वगैरे.

विषय : ऑक्सिटोसिनविषयीचे ज्ञान हिंगोली जिल्ह्यापासून सुरक्षित ठेवल्याबद्दल आभार.
संदर्भ : मिळाले नाहीत.

महोदय,

नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या मुलामुलींना संशोधन प्रकल्प करायला लावले. वसमत-कळमनुरीकडची एखादी मानसशास्त्राची विद्यार्थिनी ‘माया, विश्वास आणि संप्रेरके’ असा विषय घेऊन कामाला लागली, तरी आपण डगमगला नाहीत, याचे आम्हाला कौतुक वाटते. मोबाइलवर शोधणाऱ्या अशा मुलीला आपण लेखाचे नाव दाखवता, लेखकांची नावे दाखवता, दीड-दोनशे शब्दांचा गोषवाराही वाचू देता. मग चौकट येते : पुढचे वाचायचे तर तीस-चाळीस डॉलर. तीस धरले तरी अडीच हजारांच्या वर जातात. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती, म्हणजे एका लेखामागे आठ दिवस मातीकाम. प्रकल्पाला दहा संदर्भ लागले तर ऐंशी दिवस. त्या वर्षी केंद्राची हमी कुटुंबामागे १०० दिवसांची होती, तेव्हा वीस दिवस पोटापाण्यासाठी उरत होते, हेही आम्ही नमूद करतो.

पण हे पत्र महागाईचे रडगाणे गाण्यासाठी नाही. आमचे म्हणणे असे, की आपल्या कुंपणातून दावा बाहेर पडतो आणि त्याची दुरुस्ती आत राहते. ऑक्सिटोसिनचेच पाहा. २००५ साली झुरिकच्या संशोधकांचा लेख ‘नेचर’मध्ये आला. पुरुष विद्यार्थ्यांच्या नाकात या संप्रेरकाचा फवारा मारून त्यांना पैशांचा एक खेळ खेळायला बसवले होते. हातातली रक्कम अनोळखी माणसाच्या हवाली करायची, त्याने परत काही द्यायचे की नाही ते त्याच्या मर्जीवर. खरा फवारा घेतलेल्या २९ जणांपैकी १३ जणांनी सगळी रक्कम देऊन टाकली, औषध नसलेला फवारा घेतलेल्या २९ जणांपैकी सहा जणांनी. तेरा आणि सहा, एवढ्या भांडवलावर ‘विश्वासाचे रसायन’ जगभर फिरले. पॉल झॅक या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने २०११ साली टेडच्या मंचावरून दिवसाला आठ मिठ्या मारायचा सल्ला दिला आणि पुढे ‘लव्ह हार्मोन’ गावोगावच्या व्हॉट्सॲपवर येऊन बसला. त्यासाठी कोणी दमडी मागत नाही. २०२० साली तोच प्रयोग ६७७ लोकांवर, पद्धत आधी जाहीर करून, पुन्हा झाला. मूळ लेखकांतले एर्न्स्ट फेर स्वतः त्यात सहभागी होते. विश्वास वाढल्याचा मुख्य परिणाम दिसला नाही. या दुसऱ्या लेखावर कोणी भाषण ठोकले नाही, कोणी गुलाबी हृदये लावून व्हिडिओ केला नाही. तो नियतकालिकात आला आणि नियतकालिकातच राहिला. आता आमच्या विद्यार्थिनीने प्रकल्पात काय लिहावे? जे फुकट मिळाले ते. ते छापील दिसते, सोपे असते आणि त्याला गुणही पडतात.

आपण म्हणाल, गोषवारा तर उघडाच आहे. आहे, आणि त्यात निष्कर्षही असतो. पण या विषयातली सगळी भांडणे पद्धतीच्या भागात आहेत, आणि तो भाग कुलपामागे. नाकातून मारलेल्या फवाऱ्यातले किती औषध मेंदूपर्यंत पोहोचते, हा वाद अजून मिटलेला नाही. रक्तातले ऑक्सिटोसिन मोजताना नमुना आधी नीट शुद्ध करून घेतला नाही, तर चाचणी भलतेच काही मोजते आणि आकडे कित्येक पटींनी फुगतात. अशा दोन अभ्यासांचे गोषवारे शेजारी ठेवले, तर दोन्ही सारख्याच आत्मविश्वासाने बोलतात. कोणाचा आकडा शुद्ध केलेल्या नमुन्याचा आणि कोणाचा थेट नळीतला, हे कळायला आतली चार पाने लागतात. नुसत्या गोषवाऱ्यांवर प्रकल्प करणे म्हणजे पत्रिकेवरून लग्न लावणे, आणि आमच्याकडे तेवढ्यावर सोयरीक कोणी करत नाही.

दुसरा आक्षेप आपल्यापेक्षा आमच्याच काही प्राध्यापकांकडून येईल : बीएच्या पोरांना मूळ लेख कशाला, पाठ्यपुस्तक पुरे. स्थिर विषयाला पुरत असेलही. या विषयाला पुरत नाही, कारण पाठ्यपुस्तकातला लाडका पुरावाच डळमळला आहे. अमेरिकेच्या गवताळ भागात प्रेअरी व्होल नावाचा उंदरासारखा प्राणी असतो, तो जोडी करून राहतो. त्याच्या मेंदूतले ऑक्सिटोसिनचे ग्राहक औषधाने अडवले की जोडी जमत नाही, असे प्रयोग वर्षानुवर्षे शिकवले गेले. २०२३ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी जनुकीय कात्रीने तो ग्राहकच नसलेले व्होल जन्माला घातले. त्यांच्याही जोड्या जमल्या. माद्या व्यायल्या आणि त्यांनी पिल्लांना पाजलेही, जरी त्यांची जगलेली पिल्ले कमी होती. आता हा जुन्या प्रयोगांचा पराभव मानायचा, की जन्मापासूनची उणीव शरीर दुसऱ्या वाटेने भरून काढते असे समजायचे? मानसशास्त्र शिकणाऱ्याने डोके चालवावे तर नेमके इथे. पाठ्यपुस्तकाची नवी आवृत्ती येईपर्यंत थांब म्हणणे, म्हणजे तुझी पदवी झाल्यावर विचार कर म्हणण्यासारखे आहे.

हा विषय हिंगोलीला परका आहे, असे तर कृपा करून समजू नका. वासरू दगावलेली म्हैस पान्हा सोडत नाही, तेव्हा पेंढा भरलेले वासरू तिच्यापुढे उभे करायचे, तिला चाटू द्यायचे, सड हाताला भरलेले लागले की धार काढायला बसायचे. हे इथल्या गोठ्यात कोणाला शिकवावे लागत नाही. चाटणे, हुंगणे आणि दूध उतरणे यांच्यामध्ये जे संप्रेरक काम करते, तेच हे. हेन्री डेल यांनी १९०६ साली त्याचा गर्भाशयावरचा परिणाम दाखवला आणि व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी १९५३ साली ते प्रयोगशाळेत बनवले, त्यासाठी त्यांना १९५५ चे नोबेल मिळाले. आज ते प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फ्रिजमध्ये असते. बाळ बाहेर आले की अतिरक्तस्राव होऊ नये म्हणून आईला त्याचे १० युनिटचे इंजेक्शन देतात. म्हणजे ऑक्सिटोसिन स्वतः आमच्या मुलीपासून चार-दोन मैलांवर आहे आणि स्वस्तही आहे. महाग आहे ते त्याच्याबद्दल वाचणे.

आणि न वाचता निर्णय घेतले की काय होते, तेही याच औषधाने दाखवले आहे. दुभत्या जनावरांना ते सर्रास टोचले जाते, या कारणावरून केंद्र सरकारने २०१८ साली देशातल्या वापरासाठी खासगी कंपन्यांच्या उत्पादनावर बंदी घातली आणि सगळी मदार कर्नाटकातल्या एका सरकारी कंपनीवर टाकली. त्याच वर्षी १४ डिसेंबरला दिल्ली उच्च न्यायालयाने ती अधिसूचना मनमानी ठरवून रद्द केली. शास्त्रीय आधार काय, औषध कमी पडले तर बाळंतिणींचे काय, हे प्रश्न न्यायालयाला विचारावे लागले. म्हशीच्या नावाने सुरू झालेली ही गोष्ट बाळंतिणीच्या जिवापर्यंत गेली. असे प्रश्न विचारायला शिकलेली माणसे दिल्लीतच असावीत, असा काही नियम आहे का?

आता आपला सर्वांत रास्त बचाव : शोधणाऱ्याला पुष्कळ काही फुकट मिळते. मान्य. अमेरिकी सरकारच्या पबमेड सेंट्रलवर लाखो लेख पूर्ण वाचता येतात, लेखकाला ईमेल केली तर तो बहुधा आनंदाने प्रत पाठवतो, आणि स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ नांदेडला आहेच, हिंगोलीहून ऐंशी-नव्वद किलोमीटर. सायहब नावाची चोरवाट होती, तीही ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशाने भारतात बंद झाली. चोरीची वकिली आम्ही करत नाही. एवढेच विचारतो, की अख्ख्या जगातले प्राध्यापक ज्या वाटेने जात होते, ती वाट पडली कशामुळे? आणि उघड्या लेखांचे म्हणाल, तर कोणता लेख उघडा राहतो हे त्याच्या महत्त्वावर ठरत नाही. पैसा देणाऱ्या संस्थेने अट घातली होती का, लेखकाने हस्तलिखित कुठे ठेवले का, यावर ठरते. वादाची एक बाजू उघडी आणि दुसरी बंद, असे सहज घडते. काहीच न मिळालेली विद्यार्थिनी निदान सावध असते. अर्धे मिळालेली बिनघोर निष्कर्ष काढते.

खर्चाचे म्हणाल, तर छपाई, संपादन, संगणक यांना पैसे लागतात हे आम्हाला कळते. पण संशोधनाचा पैसा बहुतेक वेळा करदात्यांचा, लेखकाला मानधन नाही, परीक्षण करणाऱ्याला नाही, आणि तरी आपल्यातल्या सर्वांत मोठ्या कंपनीचा नफा उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक. तिने १८८० साली घेतलेले नाव लायडनच्या त्या छापखानेवाल्या घराण्याचे, ज्याने १६३८ साली चर्चची बंदी असलेल्या गॅलिलिओचे पुस्तक छापले. नाव चांगले निवडलेत. गरीब देशांसाठी आपण मिळून सवलतीची योजनाही काढलीत, रिसर्चफॉरलाइफ. तिच्या यादीत भारत नाही, कारण देश म्हणून आम्ही मोठे गिऱ्हाईक आहोत. औंढ्याच्या बसस्टँडवर उभ्या असलेल्या मुलीला आपण मोठे गिऱ्हाईक समजता, हा बहुमान तिला कळवायला हवा. वाचकाऐवजी लेखकाकडून पैसे घेऊन लेख खुला करण्याची नवी तऱ्हाही आम्ही पाहिली. ‘नेचर’ने २०२१ पासून त्यासाठी ९,५०० युरो लावले. म्हणजे आमच्या प्राध्यापकाने वाचायचे म्हटले तरी दारात उभे, लिहायचे म्हटले तरी दारातच.

‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना आली की आता, असे कोणी म्हणेल. आली, आणि चांगली आहे. २५ नोव्हेंबर २०२४ ला मंत्रिमंडळाने तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी मंजूर केले. तीस प्रकाशक, सुमारे १३ हजार नियतकालिके, ६,३०० वर संस्था, १ कोटी ८० लाख विद्यार्थी, प्राध्यापक आणि संशोधक. पण पहिल्या टप्प्याची पात्रता वाचा : केंद्र किंवा राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था. मराठवाड्यातले कॉलेज साधारण कसे चालते? पगार सरकारचा, व्यवस्थापन शिक्षणसंस्थेचे. सरकारी पैशावर चालणारे आणि सरकारी नसलेले, असे हे कॉलेज त्या व्याख्येच्या उंबऱ्यावर अडकते. अशा कॉलेजांसाठी इन्फ्लिबनेटची एन-लिस्ट ही जुनी सोय आहे, वार्षिक शुल्क माफक, सहा हजारांवर नियतकालिके. तिचा पासवर्ड विद्यार्थ्यांच्या हाती किती ठिकाणी जातो, हा प्रश्न आपल्याला नसून आमच्या प्राचार्यांना आणि ग्रंथपालांना आहे. तो त्यांनी आपल्याच नोटीस बोर्डावर लावून घ्यावा.

शेवटचा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, पण मनात असतो : हिंगोलीत हे वाचणार कोण? तर औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने तिला २,६०० कोटी मंजूर केले. गुरुत्वीय लहरी पहिल्यांदा सापडल्याचा फेब्रुवारी २०१६ चा लेख हजारावर लेखकांचा आहे आणि तो कोणालाही, कुठूनही, पूर्ण वाचता येतो. भौतिकशास्त्रज्ञ आपले लेख खुल्या भांडारात ठेवतात आणि त्यामुळे त्यांचे शास्त्र बुडालेले नाही, आपणही बुडाला नाहीत. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरे एकमेकांना कशी भिडली, ते औंढ्याच्या मुलीला फुकट कळते. तिची आई तिला पाजायला बसली तेव्हा शरीरात काय झाले, त्याचे मात्र पैसे पडतात. याच औंढ्यात नामदेवांना कीर्तनासाठी देवळामागे जायला सांगितले, तर देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशी आख्यायिका आहे. आपल्या पोर्टलकडून एवढी अपेक्षा नाही. ते फिरते, पण फिरून पुन्हा लॉगिनच्याच पानावर आणून सोडते.

तेव्हा मागणे दोनच. ज्या लेखाने आपल्याच नियतकालिकातला जुना निष्कर्ष तपासून पाहिला आहे, तो तरी पहिल्या दिवसापासून खुला ठेवा. गाजलेला लेख विकायचा तर विका, त्याची दुरुस्ती विकू नका. आणि पुढच्या वर्गणीचा करार दिल्लीशी करताना अनुदानित कॉलेजे त्यात घालायला हरकत नाही, एवढे आपल्या बाजूने सांगा. सहा हजार कोटी घेणाऱ्याला तेवढे बोलता येते. उत्तर ‘नो-रिप्लाय’च्या पत्त्यावरून पाठवू नये, आम्हाला पोच द्यायची असते. प्रकल्प जमा करायची तारीख परीक्षेच्या आधी येते, त्यापूर्वी कळवल्यास बरे.

कळावे,
आपल्या गिऱ्हाइकांपैकी एक,
हिंगोली जिल्हा