दुरून शीड साजरे

सागरी वारसा जपण्याची महाराष्ट्राची रीत अशी की, त्याला जितके वंदन घडावे तितका स्पर्श घडू नये. २०२२ साली भारतीय नौदलाच्या नव्या ध्वजावर शिवमुद्रेपासून स्फुरलेला अष्टकोन आला आणि मे २०२५ मध्ये कारवारला ‘कौंडिण्य’ हे शिवलेले जहाज, म्हणजे खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोरीने फळ्या एकमेकींना शिवून बांधलेले जहाज, नौदलात दाखल झाले; या दोन्ही प्रसंगी सामान्य नागरिकावर टाळ्या वाजवण्याची जबाबदारी सोपवण्यात आली व ती त्याने चोख पार पाडली. त्यानेच उद्या परबाण, म्हणजे शीड जिला बांधतात ती काठी, स्वतः ओढून पाहण्याची इच्छा व्यक्त केली, तर मात्र त्याला नौकाक्रीडेच्या क्लबाचे सदस्यत्व घ्यावे लागेल किंवा पर्यटन-फेरीचे तिकीट काढून केशरी जाकिटात निमूट बसावे लागेल. ज्या किनाऱ्यावर मचवे आणि गलबते वाऱ्यावर माल वाहत, तेथे शिडाची लाकडी होडी आता सत्कारात, काचेच्या पेटीत बसून, हातोहात फिरते. तिला वारा लागत नाही, पण पुष्पगुच्छ लागतात. सार्वजनिक धक्क्यावर अशी एखादी होडी, ती चालवायला शिकवणारा एखादा जाणता तांडेल आणि डागडुजीसाठी एक सुतार ठेवणे तुलनेने स्वस्त पडेल, हे खरे. परंतु अशा उपक्रमाचे अनावरण एकदाच करता येते आणि त्यानंतर होडी रोज चालवावी लागते, ही त्यातील प्रशासकीय अडचण दुर्लक्षिता येत नाही.