काढता-घालता उजेड

कल्याण-शिळ मार्गावरील खळग्यांनाच अरण्य मानून जे गृहस्थ 'थार' बाळगतात, त्यांच्या वाहनाच्या टपावर जादा दिव्यांची रांग चढलेली दिसली, की माळशेजच्या धुक्यासाठी सिद्ध केलेला हा प्रकाश मानपाड्याच्या कोंडीत पुढच्या रिक्षावाल्याच्या मानेवरच खर्ची पडणार, हे सांगावयास ज्योतिषी लागत नाही. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे ५२ वे कलम नोंदणीतील तपशिलाशी विसंगत फेरबदलास मनाई करते; तेव्हा दिवे काढता येण्याजोगे ठेवावेत, म्हणजे तपासणीच्या दिवशी वाहन सोज्ज्वळ दिसते, अशी या मंडळींची मसलत. शिवाय चोरांच्या भयाने रात्री ते पलंगाखाली ठेवता येतात, हा अनुषंगिक लाभ.

जोडणीचे शास्त्र तसे सरळ आहे. ५५ वॉटचे दोन दिवे १२ व्होल्टांवर नऊ अँपिअरांहून अधिक प्रवाह ओढतात. म्हणून तो भार बटणावर न टाकता रिलेवर सोपवावा, बॅटरीच्या अगदी निकट १५ अँपिअरांचा फ्यूज घालावा, आणि दिवा उतरवल्यावर मागे राहणाऱ्या कनेक्टरला झाकण असावे. परंतु दिव्यांवर हजारो रुपये उधळणारा हा उदार पुरुष फ्यूजच्या क्षुल्लक रकमेपाशी अकस्मात काटकसरी होतो, आणि चिकटपट्टीच्या दोन वेढ्यांवर साऱ्या वाहनाचा जिम्मा टाकून मोकळा होतो! फ्यूज जमत नसेल तर राहो. निदान शहराच्या हद्दीत तरी हुजुरांनी ते दिवे मालवावेत. समोरून येणाऱ्यालाही रस्ता दिसण्याचा थोडाबहुत हक्क आहे.