चव कुणाला विचारायची?

मराठी माणूस चवीबद्दल बोलायला लागला की थांबत नाही. मिसळीच्या कटापासून अळूच्या फतफत्यापर्यंत प्रत्येक पदार्थावर त्याचं ठाम मत असतं. स्वतःच्याच शरीरात तयार होणाऱ्या एका पदार्थाचा विषय निघाला, की मात्र तो मौनव्रत धरतो. तो पदार्थ म्हणजे वीर्य. (शेजारी सासूबाई बसल्या असतील तर पान उलटा. किंवा त्यांनाच वाचायला द्या; त्यांच्या काळात त्यांचं मत कुणी विचारलं नव्हतं.)

आमच्या टेकडीवरच्या मंडळात हा विषय आला तो अननसामुळे. पन्नाशी ओलांडलेला आमचा एक मित्र खाली उतरल्यावर गाडीवरून रोज अननस घ्यायला लागला. तुला डायबेटिस आहे, एवढं गोड खाऊ नकोस, असं आम्ही बजावलं, तेव्हा इकडेतिकडे बघत तो म्हणाला, "मोबाइलवर वाचलं रे. अननसानं चव सुधारते."

"कशाची?" आमच्यातल्या निवृत्त बँक मॅनेजरांनी कॅश काउंटरवरच्या आवाजात विचारलं. पुढचा अर्धा उतार त्यांना ते समजावण्यात गेला. समजल्यावर त्यांनी हिशेबनिसाचा प्रश्न टाकला, "पण सध्याची चव वाईट आहे, हे तुला सांगितलं कुणी?"

मित्र गप्प. वहिनी काही बोलल्या नव्हत्या. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

कुणाला न विचारता स्वतःच चव ठरवायची ही परंपरा जुनी आहे. शुद्ध शुक्र कसं असतं, हे सुश्रुतसंहितेत सांगितलं आहे: स्फटिकासारखं, स्निग्ध, गोड आणि मधाच्या वासाचं. आयुर्वेदाबद्दल आदर राखून सांगतो, हे वर्णन ऐकलं की मला आपल्या दुकानातल्या श्रीखंडाची तारीफ करणारा दुकानदार आठवतो. त्यात सात धातूंमध्ये शुक्राचा नंबर शेवटचा, म्हणजे सगळ्या शरीराचं सार. पुढे लोकांनी त्याला चाळीस थेंब रक्ताचा एक थेंब असा भाव लावला. एवढ्या मोलाच्या वस्तूची चव विचारणं म्हणजे देवळात जाऊन मूर्तीचं वजन विचारणं. या हिशेबापायी कित्येक तरुण 'धात जाते' म्हणून झुरत बसले. डॉ. एन. एन. विग यांनी 1960 मध्ये त्या आजाराला 'धात सिंड्रोम' असं नावच दिलं. रेल्वेच्या कडेच्या भिंतींवर जाहिराती रंगवणाऱ्या वैद्यांची घरं मात्र या झुरण्यावर उभी राहिली.

खरा हिशेब पुष्कळ साधा आहे. एका वेळचा माल जेमतेम चहाचा चमचाभर, बहुतेक वेळा त्याहून कमी. त्यात शुक्रजंतूंचा वाटा अगदी किरकोळ. बाकी जवळजवळ सगळा द्रव शुक्राशय आणि प्रोस्टेट या ग्रंथींचा. शुक्राशयातून येते फ्रुक्टोज, म्हणजे फळातली साखर. 1946 साली थॅडियस मान यांनी ती ओळखली. म्हणजे सुश्रुतांचा गोडवा अगदीच हवेतला नव्हता. प्रोस्टेटमधून सायट्रिक आम्ल आणि जस्त येतं. एकूण मिश्रण मात्र किंचित अल्कधर्मी. आणि मधाच्या वासाऐवजी पोहण्याच्या तलावाची आठवण करून देणारा जो वास येतो, तो स्पर्मिन नावाच्या द्रव्याचा. पुढे स्पर्मिनचे म्हणून ओळखले गेलेले स्फटिक डेल्फ्टच्या लेव्हनहुकनं सतराव्या शतकातच पाहिले होते. हा मूळचा कापडाचा व्यापारी. 1677 मध्ये त्यानं सूक्ष्मदर्शकाखाली शुक्रजंतू पाहिले आणि रॉयल सोसायटीला कळवताना नमुना पापमार्गानं नव्हे, तर दांपत्यधर्म पाळून मिळवल्याचा खुलासाही जोडला. श्रीमती लेव्हनहुक यांचा अभिप्राय त्या पत्रात नाही.

फ्रुक्टोजवरून आठवलं. ओळखीच्या एका घरात पुतण्याच्या वीर्यतपासणीच्या रिपोर्टवर 'फ्रुक्टोज: पॉझिटिव्ह' असं आलं आणि काकूंनी त्याच रात्री मेथीचे दाणे भिजत घातले. प्रत्यक्षात ती साखर असायलाच हवी. नसेल तर वाट कुठेतरी तुंबली आहे का, हे डॉक्टर बघतात.

आता अननस. खाल्लेलं खरोखर तिथवर पोचतं का? लसूण खाल्ल्यावर श्वासाला आणि घामाला वास येतो, हे लोकलमध्ये उभ्यानं प्रवास केलेल्याला सांगायला नको. आईच्या दुधातही तो उतरतो. वीर्याबद्दलचा माझा आवडता पुरावा 2007 सालचा, ब्रिटनमधला. ब्राझील नटची अ‍ॅलर्जी असलेल्या एका बाईंना शरीरसंबंधानंतर अंगावर गांधी उठल्या आणि दम लागला. नवऱ्यानं आधी ते नट खाल्ले होते. आंघोळ केली होती, दात घासले होते, नखंसुद्धा साफ केली होती बिचाऱ्यानं. डॉक्टरांनी त्याच्या वीर्याची बाईंच्या त्वचेवर चाचणी घेतली, तेव्हा नट खाल्ल्यानंतरच्या नमुन्यानं गांध उठली, आधीच्या नमुन्यानं नाही. तेव्हा पोटातून तिकडे जायला रस्ता आहे. अननस त्या रस्त्यानं जाऊन काही गोडी लावतो, याला आधार मात्र निव्वळ ऐकीव.

तंबाखूचं तसं नाही. तिनं शुक्रजंतूंची संख्या आणि चपळाई दोन्ही घटतात. जिममध्ये दंड फुगवायला घेतलेली स्टेरॉइडची इंजेक्शनं तर कारखानाच बंद पाडू शकतात. बाहेर भीमसेन, आत टाळेबंदी. आणि आमच्या मित्रासाठी सगळ्यात महत्त्वाचं: डायबेटिस बरीच वर्षं मोकाट राहिला तर वीर्य पुढे यायचं सोडून उलटं मूत्राशयात जाऊ शकतं. म्हणजे चव सुधारण्यासाठी खाल्लेल्या अननसानं मालच गायब होण्याची सोय.

'समाजस्वास्थ्य' मासिकाच्या र. धों. कर्व्यांना कुणी हा चवीचा प्रश्न विचारला असता, तर त्यांनी दोन ओळींत, न लाजता उत्तर दिलं असतं असं मला वाटतं. वाचकांच्या अशाच प्रश्नांना उत्तरं दिल्याबद्दल त्यांच्यावर 1934 मध्ये अश्लीलतेचा खटला चालला. बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे राहिले, तरी कर्वे हरले. आज खटला होत नाही. त्याऐवजी मोबाइल अननस सुचवतो.

शेवटी मित्रानं धीर करून घरी विचारलं. वहिनींचं उत्तर त्यानंच आम्हाला सांगितलं, थोडं पडेल आवाजात. "अहो, आधी तो मावा सोडा, रोज रात्री आंघोळ करा. अननस मला फ्रूट सॅलडमध्ये आवडतो." मॅनेजर म्हणाले, ऑडिट पूर्ण झालं. माझ्या मते या विषयातली एकमेव अधिकारी व्यक्ती म्हणजे बायकोच. पण अभिप्राय देणं हे तिचं कर्तव्य नाही. चव घ्यायचीच नाही, असं ती म्हणाली तर तेही पूर्ण उत्तर आहे.

रंग पिवळा-हिरवा झाला, घाण वास यायला लागला, रक्त दिसलं किंवा लघवीला जळजळ झाली, तर मात्र फळवाल्याकडे न जाता युरॉलॉजिस्टकडे जा. भिंतीवरचा फोन नंबर टाळा. परम्यासारखी दुखणी तोंडावाटे घशातही जातात, म्हणून शंका असेल तिथे निरोध वापरा. आणि शुक्रजंतू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, हे लक्षात ठेवा. गुढीपाडव्याला मावा सोडलात, तर नवा माल थेट वटपौर्णिमेला.