ध्वनियंत्रणेच्या केबलवर किती खर्च करावा

घरातल्या ध्वनियंत्रणेत केबल ही दोन वस्तूंना जोडणारी तिसरी वस्तू असते. ॲम्प्लिफायर आणि स्पीकर घेताना गृहस्थ किंमत विचारतो, घासाघीस करतो आणि शेवटी दमतो. केबलचा विषय तो दमल्यावर निघतो. ही वेळ दुकानदाराला नेमकी ठाऊक असते. म्हणून खर्चाचा आकडा दुकानाची पायरी चढण्यापूर्वी, घरीच, मोजपट्टी हातात घेऊन ठरवावा. पुढील विवेचनात भिवंडी तालुक्यातील अंजूरचा गृहस्थ धरला आहे. त्याच्या जमिनीवर गोदाम उभे राहिले आहे, भाडे सुरू झाले आहे, बंगल्याचा हॉल ऐसपैस आहे आणि थोरल्या मुलाला होम थिएटर हवे आहे.

प्रथम अंतर मोजावे. वायरमन येतो तेव्हा ‘दादा, दीडची टाकू की अडीचची?’ एवढेच विचारतो, आणि स्पीकर-केबलचे बहुतेक शास्त्र या प्रश्नात येऊन जाते. दीड म्हणजे तांब्याचा छेद दीड चौरस मिलिमीटर. अशा वायरचा रोध किलोमीटरला सुमारे 13 ओहम असतो. स्पीकर 5 मीटरवर असेल तर जाऊन-येऊन 10 मीटर, म्हणजे 0.13 ओहम. समोर 8 ओहमचा स्पीकर असताना यामुळे आवाजात होणारी घट 0.15 डेसिबलच्या आत राहते आणि ती कोणाच्या कानाला कळत नाही. वायरचा रोध स्पीकरच्या रोधाच्या विसाव्या हिश्श्यापलीकडे जाऊ देऊ नये, असा एक सोपा दंडक आहे. त्या हिशेबाने 8 ओहमच्या स्पीकरला दीडची वायर 15 मीटरपर्यंत पुरते, अडीचची 25 मीटरपर्यंत. स्पीकर 4 ओहमचा असल्यास ही अंतरे निम्मी धरावीत. अंजुरात कोणाचा हॉल 25 मीटर लांब निघाला तर तो हॉल नसून गाळा आहे, आणि तो भाड्याने द्यावा.

तांब्याबाबत मात्र काटकसर नको. बाजारात वरून तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तारही तांब्याच्याच रंगात मिळते. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे साठ टक्के. तारेवर ब्लेड घासावे. आत पांढरे दिसले तर गुंडाळी परत करावी. घरच्या वायरिंगची 90 मीटरची गुंडाळी आधीच आणून ठेवली असेल आणि तीत वायर उरली असेल, तर केबलवरचा खर्च शून्य धरण्यास शास्त्राची हरकत नाही. हरकत पाहुण्यांची असते, आणि खर्चाचा खरा विचार इथून सुरू होतो.

एकूण किमतीचा दहावा हिस्सा केबलला द्यावा, असे हौशी मंडळींत सांगितले जाते. हा हिस्सा कोणत्या मोजमापातून आला, हे विचारल्यास विषय बदलला जातो. मराठीत याहून जुने गुणोत्तर उपलब्ध आहे: चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. त्यानुसार केबलची किंमत यंत्राच्या तिप्पट भरते. दहावा हिस्सा आणि तिप्पट या दोन टोकांच्या मध्ये गृहस्थाने आपल्या मेहुण्याकडील केबल पाहून आकडा ठरवावा.

वरची मर्यादा अमेरिकेत तपासून झाली आहे. पिअर नावाच्या तिथल्या कंपनीची ‘आंजू’ ही स्पीकर-केबल 12 फुटी जोडीला 7,250 डॉलरला विकली जात होती. त्या वेळच्या दराने जवळपास तीन लाख रुपये. आंजू ही पिअर फळाचीच एक जात आहे. अंजूरशी तिचे उच्चारापुरते नाते आहे, पण लग्नपत्रिकेवर कुळाचे नाव मिरवणाऱ्या समाजात तेवढेही पुरते. 2007 साली जेम्स रँडी या जादूगाराने आव्हान दिले: ही केबल साध्या केबलपेक्षा वेगळी आहे, हे केवळ ऐकून ओळखून दाखवा आणि दहा लाख डॉलर घेऊन जा. एक नावाजलेला समीक्षक तयार झाला, कंपनीने केबल द्यायचे नाकारले आणि पैज तिथेच राहिली. पुढच्याच वर्षी डेनॉन या जपानी कंपनीने दीड मीटरची नेटवर्क केबल 499 डॉलरला काढली. तिच्यावर सिग्नल कोणत्या दिशेने जावा याचे बाण होते.

बाणांचा खुलासा आवश्यक आहे. स्पीकरच्या तारेतला प्रवाह सेकंदाला शेकडो-हजारो वेळा उलटसुलट होतो, तेव्हा त्याला एका दिशेचा बाण दाखवणे म्हणजे माग चालू असताना धोट्याला ‘इकडून तिकडेच जा’ असे बजावणे होय. जाळीचे कवच एकाच टोकाला जोडलेल्या काही पातळ केबलींत बाणाला खरा अर्थ असतो, हे न्यायासाठी नोंदवावे. एचडीएमआय केबलीतून तर आकडेच जातात. ते नीट पोचले तर चित्र-आवाज पूर्ण मिळतो. न पोचल्यास पडद्यावर ठिपके उठतात, आवाज तुटतो. आकडा ‘अधिक मखमली’ पोचण्याची सोय अद्याप झालेली नाही.

केबल मुरावी लागते, हा दुसरा सिद्धांत. शंभर-दोनशे तास वाजवल्यावर ती खुलते म्हणतात. लोणच्याबाबत हे खरे आहे. केबलच्या बाबतीत तेवढ्या दिवसांत माल परत करण्याची मुदत संपते आणि गृहस्थाच्या कानाला नव्या स्पीकरची सवय होते. तिसरी वस्तू म्हणजे भिंतीतल्या सॉकेटपासून ॲम्प्लिफायरपर्यंतची जाडजूड वीज-केबल. भिवंडीत 2007 पासून टोरेंट पॉवर पुरवते ती वीज लांबून तारा, ट्रान्सफॉर्मर, मीटर असा प्रवास करून येते. शेवटच्या दीड मीटरमध्ये सोन्याचा प्लग लावून तिच्यावर संस्कार करण्याचा खटाटोप कौतुकास्पद आहे, पण उशिराचा आहे. स्पीकरमध्ये घूंऽ असा आवाज येत असेल तर बहुधा अर्थिंगचा दोष असतो, आणि तो वायरमनच काढतो.

‘इम्पोर्टेड’ या शब्दासाठी किती द्यावे, याचे उत्तर अंजूरकराला इतरांहून सोपे जावे. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर माल ठेवण्यासाठी भिवंडीच्या बाजूला गोदामे वाढत गेली. 2017 मध्ये जीएसटी आला, जकात गेली, गोदामे राहिली. परदेशी केबलचा खोका न्हावा-शेव्यात उतरून अंजूर फाट्याजवळच्या एखाद्या गोदामात महिनाभर पडून राहतो, मग लॅमिंग्टन रोडला जातो आणि तिथून काचेच्या कपाटाचे भाडे अंगावर घेऊन अंजुरात परततो. गृहस्थाने त्याच खोक्याचे गोदामभाडे आधी घेतलेले असल्यास ती रक्कम खर्चातून वजा करावी.

तरीही शंका उरल्यास घरी चाचणी घ्यावी. दोन्ही केबली जाड पडद्यामागे ठेवाव्यात, आवाज समान ठेवावा आणि केबल बदलण्याचे काम ज्याला निकालापेक्षा जेवणाची घाई आहे अशा माणसाकडे द्यावे. कोणती केबल लावायची ते दर वेळी नाणे उडवून ठरवावे. 16 पैकी 12 वेळा बरोबर ओळखले तर दखल घ्यावी. निव्वळ अंदाजाने तेवढे जमण्याची शक्यता शंभरात चारच्या आत आहे. आठ-नऊ वेळा बरोबर आले तर नाण्यालाही तेवढे येते. चाचणी संपल्यावर पडदा तिथेच राहू द्यावा. गुळगुळीत फरशी आणि उघड्या भिंतींच्या हॉलमध्ये आवाज आपटून परत येतो, त्यामुळे संवाद कळत नाहीत. घट्ट विणीचे, चुण्या पाडलेले जड पडदे आणि एक गालिचा यांनी पडणारा फरक कोणालाही, मेहुण्यालासुद्धा, ऐकू येतो. मागांच्या गावाशेजारी राहून कापडाऐवजी तारेवर पैसे घालणे हा व्यवहार बरा नव्हे.

परिसराचाही हिशेब करावा. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. शेजारी हळद असेल त्या रात्री हे आकडे आणि तीन लाखांची केबल दोन्ही सारखेच निरुपयोगी ठरतात. तारेवाचून लांबवर पोचणारा आवाज हवाच असेल, तर त्याची परंपरा या गावाच्या इतिहासाशी जोडलेली आहे. अंजूरचे गंगाजी नाईक ज्या वसई मोहिमेत राबले, त्या मोहिमेत 1739 साली वसई पडल्यावर तिथल्या चर्चमधल्या घंटा देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा त्यांपैकीच सांगतात. तिला कोणतीही केबल नाही.

राहता राहिला देखभालीचा खर्च. खाडीकाठच्या दमट हवेत उघडे तांबे हिरवे पडते, म्हणून वर्षातून एकदा टोके कापून नव्याने सोलावीत. उंदीर साधी आणि आयात केलेली केबल यांत भेद करत नाहीत. पीव्हीसी पाइपाचे पैसे सुरुवातीलाच बाजूला काढावेत. केबल जमिनीपासून उचलून धरणारे चिनी मातीचे ठोकळेही विकत मिळतात. त्यांनी आवाज सुधारत नाही, फरशी पुसायला सोपी जाते.

यंत्रणा बदलताना जुनी केबल विकता येते. दोन स्पीकरांच्या 5-5 मीटर दीडच्या वायरीत सुमारे 270 ग्रॅम तांबे निघते. भंगारवाला ते काट्यावर घेतो. बाणाचे वेगळे पैसे देत नाही.