मुशीवाले पाहुणे

आंब्याचे पाहुणे मे महिन्यात येतात आणि पेट्या घेऊन जातात. मुशीवाले पाहुणे पाऊस सरला की पुण्याहून, ठाण्याहून येतात आणि हात हलवत परततात. रत्नागिरीकर यजमानाला ते त्यामुळेच परवडतात.

गाडीतून आधी उतरते ती एक लांबलचक नळी. तिच्यात बारा-तेरा फुटांचा रॉड. मग रील, कमरेचा पट्टा, डोक्याला बांधायची बॅटरी आणि पोलादी तार. मुशीचे दात तंगूस कापतात, म्हणून गरीच्या वर तार. एवढं ज्ञान पक्कं. हा गडी ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यांवरून माणसाहून मोठे शार्क ओढणाऱ्यांचे व्हिडिओ रात्र रात्र बघून आलेला असतो. इथे काठाला लागलीच तर हात-दीड हाताची मुशी लागते, असं कुणी सांगितलं की तो दयेने हसतो. ‘‘तुम्ही लांब टाकत नाही हो!’’

यजमानाच्या वडिलांचा प्रश्न वेगळाच असतो. ‘‘आज तिथी कुठली?’’ तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमी म्हणजे सहा वाजता पाणी पूर्ण. पाहुणा मोबाइलवरचं ॲप उघडतो, ॲपही सहाच्या आसपासच सांगतं. आजोबा ॲपला माफ करतात. ‘‘पण पाणी भांगाचं, त्याला जोर नाही. अमावास्येला यायचंत.’’ आता ऑफिसची रजा पंचांग बघून कोण देतो?

भाट्याच्या सुरूबनासमोर मग मांडणी होते. सकाळी मिरकरवाडा बंदरावर सांगतील त्या भावाने घेतलेला बांगडा कापून गरीला लावायचा. त्यात घरच्या चौघांचं कालवण झालं असतं, ते समुद्र जेवतो. रॉड वाळूतल्या नळकांड्यात उभा, टोकाला घंटी. शेजारी, खाडीच्या तोंडाशी, एक काका रिकाम्या बाटलीला गुंडाळलेलं तंगूस घेऊन गुडघाभर पाण्यात उभे. त्यांच्या पिशवीत केव्हाच काहीतरी फडफडतंय.

‘‘काय वो, गावला काय?’’

‘‘चालू आहे.’’

घंटी वाजते. पाहुणा पट्टा सावरत धावतो, रॉड वाकतो, सुरूतली पोरं जमतात, कुणीतरी व्हिडिओ सुरू करतो. पाण्यातून येतो तो वीतभर शिंगाळा. तो काढायची एक रीत असते: पाठीवरचा आणि कल्ल्यांमागचा काटा चुकवून धरायचं. व्हिडिओत ते नसतं. पुढचा तासभर हात कढत पाण्यात, आणि तशातही, ‘‘फाइट मात्र छान दिली!’’ एरवी बढाईखोर वाटणारा हा माणूस या क्षणी मला फार आवडतो.

क्वचित खरोखरच मुशी लागते. तेव्हा तर अनर्थच. पाहुणा तिला ओल्या हातांनी धरतो, टेप लावतो, फोटो काढतो आणि चक्क पाण्यात सोडून देतो! बघ्यांत हाहाकार. घरात सून बाळंतीण, तिला मुशीचं कालवण हवं म्हणून बाजारात मोजून पैसे देणाऱ्या मावशींना ही मस्ती वाटते. पाहुणा शास्त्र सांगतो: मुशांच्या बहुतेक जाती उशिरा वयात येतात, पिल्लं थोडी, आणि आपण उपसतोय भरमसाट. त्याचं काही खोटं नाही. सगळ्यांत मोठ्या मुशीला, बहिरीला, 2001 पासून कायद्याचं संरक्षण द्यावंच लागलं. पण हे व्याख्यान हळद-आगळ लावून ठेवायच्या तयारीत असलेल्या बाईपुढे द्यायचं नसतं.

बहुतेकांच्या नशिबी मात्र शिंगाळाच. म्हणून रविवारी परतताना गाडी पुन्हा मिरकरवाड्यावर वळते. ट्रॉलरवरून उतरलेल्या मालात चांगली दोन हात लांब मुशी असते. पाहुणा दर विचारतो, अंगावरून उलटा हात फिरवून कातडी किती खरखरीत ते बायकोला दाखवतो, पण घेत नाही. मुशीचं मांस उन्हात ठेवलं की अमोनियाचा वास सोडतं, आणि पुण्यापर्यंत घाट आहे. मग इकडेतिकडे बघून हळूच विचारतो, ‘‘मावशी, एक फोटो काढू का हातात घेऊन?’’

मावशीने असले पुष्कळ पाहिलेले असतात. ‘‘काढा की. हात लांब करून पुढं धरा, मोठी दिसते. आणि माझी टोपली तेवढी फोटोत घेऊ नका.’’