मास्तर, जरा सैल ठेवा

(रंगमंचावर शिलाई मशीन, मापाची वही, हँगरला टांगलेला राखाडी सफारी. मास्तर येतो. गळ्यातली टेप काढून हातात घेतो. प्रेक्षकांकडे टक लावून बघतो.)

हां! बघितलंत? टेप नुसती हातात घेतली, अजून कुणाला लावलीसुद्धा नाही, आणि पुढच्या तीन रांगांची पोटं आत! सोडा काका, श्वास सोडा. डोळ्यांनी माप झालंय माझं. तुम्ही 42. तुम्ही 38. आणि तुम्ही... तुमचं इंटरव्हलमध्ये खासगीत सांगतो.

नमस्कार. मी मास्तर. शाळेतला नव्हे, कपड्यांचा. डोंबिवलीत स्टेशनजवळ एका जिन्याखाली माझं दुकान. मशीन आत, मी अर्धा बाहेर. पूर्वी पाटीवर होतं 'सूट स्पेशालिस्ट'. आता आहे 'अल्टर करून मिळेल'. रेडिमेड आलं, आमचं शिवणं गेलं, उसवणं राहिलं.

परवा एक वहिनी आल्या. मागे साहेब. साहेबांच्या हातात पिशवी, चेहरा दाताच्या डॉक्टरकडे आल्यासारखा. वहिनी म्हणाल्या, "मास्तर, मुलीला बघायला लोक यायचेत. ह्यांना माणसात आणा."

साहेब म्हणाले, "माझ्याकडे कपडे आहेत की!"

वहिनींनी पिशवी उलटी केली. (हँगरवरचा सफारी हातात घेतो.) हा! चार खिसे, खांद्यावर पट्ट्या, बसायच्या जागी इतका चमकतोय की समोर उभं राहून भांग पाडावा. टेरिकॉट! कापूस झिजतो, विरतो, एक दिवस बिचारा पायपुसणं होतो. टेरिकॉट मरत नाही. मालकाला पोचवून टेरिकॉट घरी परत येतो.

आणि खाली काय? पीस! आहेरातले. पँटपीस 1.20 मीटर, शर्टपीस सव्वादोन मीटर, खोक्यात टाचण्या लावून. त्यातला एक मोरपंखी रंगाचा मी लगेच ओळखला. गेली कित्येक वर्षं आमच्या भागात फिरतोय. मुंजीत दिसला, वास्तुशांतीला दिसला. सात लग्नांत उभा राहिला तो, आणि अजून कोरा!

म्हटलं, साहेब, कंबर किती?

"34. कॉलेजपासून 34!"

34 खरी, पण कुठली? पट्टा बेंबीच्या चार बोटं खाली. तिथे सगळ्यांचीच 34 असते! पोट बाल्कनीत उभं, पँट तळमजल्यावर. बरं, काही कंपन्याही लबाड. लेबलवर 34 आणि टेप लावली तर 36. साहेब माझ्यावरच चिडले. "मास्तर, एवढी मोठी कंपनी खोटं बोलेल?" म्हटलं, खोटं नाही साहेब, ती मायेनं बोलते.

यात साहेबांचा दोष नाही हो. आपली जातच 'वाढत्या अंगाच्या' कपड्यांत वाढली. जूनमध्ये वडील शाळेची पँट शिवायला आणायचे. "मास्तर, जरा सैल ठेवा, वाढतं अंग आहे." पाचवीत शिवलेली पँट आठवीपर्यंत! खाली चार इंच दुमड. दर वर्षी एक दुमड सोडायची, जुन्या दुमडीची पांढरी रेघ तशीच. पोरगा कितवीत आहे ते पँटीवरून कळायचं. पाचवीत ती पँट ढगळ, आठवीत तंग. मधे सातवीत कधीतरी चार महिने बरोबर बसली असणार, पण तेव्हा कोणाचं लक्ष नव्हतं.

तोच पोरगा आज 52 वर्षांचा आहे. तरी मला काय सांगतो? "मास्तर, जरा सैल ठेवा." अहो, आता कुठल्या दिशेला वाढणार तुम्ही?

(टेप खांद्यावर लावतो.) बघा, कपडा इथं बसतो. खांद्यावर. शिवण हाडाच्या टोकावर आली पाहिजे. दंडावर लोंबली की माणूस थोरल्या भावाचा शर्ट घालून आलाय. मानेकडे चढली की धाकट्याचा. बाकीचं मी बघतो. बाही लांब? आखूड करतो. कंबर ढगळ? दोन्ही बाजूंनी धरतो. पण खांदा! खांदा उसवायचा म्हणजे बाही काढा, मुंढा पुन्हा कापा, कधी कॉलरपर्यंत जा. तेवढ्यात तुमचा नवा शर्ट येतो. म्हणून दुकानात खांदा बसला नाही तर शर्ट तिथेच ठेवा. सेल असला तरी! "अर्ध्या किमतीत मिळाला हो" म्हणतात. अर्ध्याच अंगाला बसतोय, बरोबर आहे हिशेब.

आणखी एक. पुरुष दुकानात छाती फुगवून सांगतो, "42 दाखवा!" अहो, बऱ्याच फॉर्मल शर्टांवरचा तो आकडा छातीचा नसतोच. गळ्याचा असतो, सेंटीमीटरमध्ये! तुम्ही छाती काढून उभे आणि सेल्समन बघतोय तुमची मान. वरचं बटण लावून आत दोन बोटं गेली की कॉलर बरोबर. मूठ गेली तर परत द्या.

पँट घेताना सगळे ट्रायल रूममध्ये उभे राहतात, पोट आत घेतात, आरशात बघतात. उभं राहून कुणाची फाटलीय? बसा! खाली मांडी घालून बसा. स्लिम फिट घालून पंगतीला बसलेले किती जण लग्नसराईत माझ्याकडे येतात, पाठ भिंतीला लावून, विचारा. आसनाचा दोरा सुटलेला असतो. लेबलवर '98 टक्के कॉटन, 2 टक्के इलॅस्टेन' असं बघून घ्या. कॉटन अंग झाकतं, अब्रू त्या दोन टक्क्यांवर असते.

साहेब म्हणाले, "मास्तर, जीन्स मला शोभेल का?" म्हटलं, जीन्सवर पहिला हक्क आम्हा शिंप्यांचा. अमेरिकेत नेवाडात, रेनो गावात जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. त्याच्याकडे एका मजुराची बायको आली. (वहिनींच्या आवाजात) "ह्यांची पँट सारखी फाटते, काहीतरी करा." बघा, तिकडेही बायकोच आली होती! जेकबनं खिशांच्या कोपऱ्यांना तांब्याचे रिव्हेट ठोकले. पँट फाटेना. पेटंट घ्यायला पैसे कमी, म्हणून त्यानं आपल्या कापडवाल्याला पत्र लिहिलं. 20 मे 1873 ला पेटंट मिळालं. आणि नाव कोणाचं झालं? त्या कापडवाल्याचं. लिव्हाय स्ट्रॉस! डोकं शिंप्याचं, लेबल कापडवाल्याचं. दीडशे वर्षं झाली, अजून राग जात नाही माझा.

(राग गिळतो. वही उघडतो.)

तर साहेबांना काय लिहून दिलं? एक पांढरा शर्ट, एक फिकट निळा. एक नेव्ही ब्लू पँट, प्लेट्स नकोत, बॉटम बुटावर अलगद टेकेल इतकाच. एक गडद निळी जीन्स, भोकं नसलेली. पट्टा आणि बूट एका रंगाचे. झालं! मोरपंखी पीस तसाच राहू द्या, त्याचं अजून नशीब उघडायचंय. आणि हा सफारी इथेच ठेवा, माझ्याकडे मशीन पुसायला चालेल.

वहिनी म्हणाल्या, "मास्तर, शनिवारपर्यंत द्याल ना? रविवारी लोक यायचेत."

म्हटलं, शनिवारी नक्की.

(प्रेक्षकांना, हळू आवाजात) तुम्हाला सांगतो, आपल्यात राहू दे. शिंपी शनिवार म्हणाला की मंगळवारी जायचं. आणि पाहुणे रविवारी असतील तर शिंप्याला गुरुवार सांगायचा. पावती हरवू नका.